स्टारबोर्ड आणि पोर्ट: जहाजाची उजवी-डावी बाजू शब्दाच्या मुळापासून शिका

जहाजावर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याच्या कानावर तासाभरात दोन शब्द पडतात: स्टारबोर्ड आणि पोर्ट. कुणीतरी सांगतं, स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू, पोर्ट म्हणजे डावी. तो मान डोलावतो, वहीत लिहून घेतो आणि दुसऱ्या दिवशी गडबडीत नेमका उलट्या बाजूला धावतो. नव्या लोकांना शिकवताना हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता ही जोडी पाठ करा, असं मी कुणाला सांगतच नाही. पाठांतर घाईत दगा देतं. शब्द कुठून आला ते कळलं आणि त्यामागचं चित्र एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं की ते जात नाही. म्हणून इथे क्रम तसाच ठेवलाय. आधी उभं कसं राहायचं, मग शब्दांची उकल, आणि मग या दोन शब्दांवर उभे असलेले दिवे, हुकूम आणि नियम.

पायरी १: तोंड नाळेकडे करा

जहाजाचं पुढचं निमुळतं टोक म्हणजे नाळ. खलाशी आज त्याला सर्रास बो म्हणतात. मागचं टोक ते स्टर्न. जहाजाच्या मधोमध उभे राहा आणि तोंड नाळेकडे करा. आता तुमच्या उजव्या हाताला आहे ती स्टारबोर्ड बाजू, डाव्या हाताला पोर्ट.

आता मागे वळा आणि स्टर्नकडे तोंड करा. तुमचा उजवा हात दुसऱ्या बाजूला गेला, स्टारबोर्ड मात्र जिथल्या तिथे राहिली. या दोन शब्दांची गरज इथेच आहे. डावं-उजवं माणसाचं असतं, माणूस वळला की तेही वळतं. स्टारबोर्ड आणि पोर्ट ही जहाजाच्या अंगाची नावं आहेत, आपल्या हातापायांना असतात तशी. डेकवर दहा माणसं दहा दिशांना तोंड करून काम करत असतात. त्यांना ‘उजवीकडची दोरी सोडा’ असं सांगितलं तर दहा वेगवेगळ्या दोऱ्या सुटतील. ‘स्टारबोर्डची दोरी सोडा’ म्हटलं की एकच सुटते.

म्हणूनच ‘स्टारबोर्ड म्हणजे उजवी’ हे वाक्य अर्धवट आहे. नाळेकडे तोंड केल्यावर जी उजवी येते ती स्टारबोर्ड, असं पूर्ण वाक्य मनात ठेवा.

पायरी २: शब्द फोडून पाहा

स्टारबोर्ड ऐकल्यावर मनात येतो तो आकाशातला तारा. रात्री तारे पाहून जहाज चालवायचे आणि ते ज्या बाजूने पाहत ती स्टारबोर्ड, असं बरेच लोक सांगतातही. हे खरं नाही. ताऱ्याशी या शब्दाचा काहीच संबंध नाही, कानाला तसं वाटतं एवढंच.

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘स्टेओरबोर्ड’ असा होता. त्यातलं ‘स्टेओर’ म्हणजे सुकाणू, दिशा देणं. आज गाडीच्या चाकाला आपण स्टिअरिंग म्हणतो, ते याच घराण्यातलं. ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची बाजू, कड. तर स्टारबोर्ड म्हणजे सुकाणूची बाजू, एवढा साधा अर्थ.

यातल्या बोर्डवर थोडं थांबण्यासारखं आहे. जुन्या भाषेत एक बोर्ड म्हणजे फळी आणि दुसरा म्हणजे कड, काठ, जहाजाची बाजू. दोन्ही फार पूर्वीच एकमेकांत मिसळून गेले. जहाजाच्या कडेवरून आत येणं ते बोर्डिंग, आणि विमानात बसताना आपण बोर्डिंग पास दाखवतो तो हाच शब्द. फळीवरून टेबल, टेबलाभोवती बसणारं मंडळ, आणि त्या मंडळाच्या परीक्षा असं करत करत ‘बोर्डाची परीक्षा’ही याच झाडाची फांदी. स्टर्न हा शब्दसुद्धा दूरचा नाही. जुन्या नॉर्स भाषेत सुकाणू धरणं म्हणजे ‘स्ट्योर्न’, त्यावरून जहाजाच्या मागच्या टोकाला स्टर्न हे नाव पडलं. आपला सुकाणू हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. त्याचं मूळ अरबी ‘सुक्कान’ हे आहे, आणि त्याचाही अर्थ जहाजाला दिशा देणारं साधन हाच.

हा शब्द किती जुना, याचा एक सुंदर पुरावा आहे. नवव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेच्या उत्तर भागातला ओहथेरे नावाचा दर्यावर्दी इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडच्या दरबारी आला आणि आपल्या सफरीची हकीकत त्याने सांगितली. ती जुन्या इंग्रजीत लिहून ठेवलेली आहे. तो म्हणतो, मी किनाऱ्याने सरळ उत्तरेकडे गेलो आणि तीन दिवस ओसाड जमीन माझ्या स्टेओरबोर्डला होती, खुला समुद्र बॅकबोर्डला. नकाशा काढून पडताळा घ्या. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे तोंड करून निघालं की जमीन पूर्वेला, म्हणजे उजव्या हाताला येते. अकराशे वर्षांपूर्वी ज्या बाजूला स्टारबोर्ड म्हणत, तिलाच आपण आजही म्हणतो. मला या एका वाक्याचं अजूनही अप्रूप वाटतं.

पायरी ३: ते वल्हं डोळ्यांपुढे आणा

सुकाणूची बाजू उजवीच का? कारण तेव्हा सुकाणू मागे मधोमध नव्हतंच.

उत्तर युरोपातल्या जुन्या जहाजांना दिशा द्यायला एक रुंद पात्याचं मोठं वल्हं असे. ते जहाजाच्या मागच्या भागात, उजव्या कुशीला बाहेरून बांधलेलं असे. नॉर्वेत गोक्स्टाड इथे 1880 मध्ये आणि ओसेबर्ग इथे 1904 मध्ये जमिनीतून उकरून काढलेली व्हायकिंग जहाजं यासाठी पाहायला हवीत. दोन्ही नवव्या शतकातली. गोक्स्टाडचं जहाज सुमारे 23 मीटर लांब आहे. त्याच्या उजव्या कुशीला बाहेरून एक लाकडी गोळा बसवलेला आहे. सुकाणूचं वल्हं त्या गोळ्याला टेकतं आणि वल्ह्यातून, गोळ्यातून, जहाजाच्या फळीतून ओवून घेतलेल्या चिवट बांधणीने ते तिथे धरून ठेवलं जातं. वरच्या टोकाला एक आडवा दांडा, तो आत जहाजाकडे वळलेला. दांडा ढकलला किंवा ओढला की वल्ह्याचं पातं पाण्यात फिरतं आणि जहाज वळतं. फोटो मिळाला तर त्या गोळ्याकडे नीट बघा. सबंध शब्द तिथे बांधलेला आहे.

उजवी बाजू निवडण्याचं कारण माणसाच्या शरीरात आहे. बहुतेक माणसं उजव्या हाताने जोरकस काम करतात, आणि वल्हं हाताच्या सोयीने बांधलं गेलं.

भूमध्य समुद्रातली प्राचीन जहाजं मात्र सहसा दोन वल्ही ठेवत, दोन्ही कुशींना एकेक. तिथे ‘सुकाणूची बाजू’ म्हणून एकच बाजू वेगळी काढता येण्यासारखी नव्हती. त्यामुळे हे नाव उत्तरेकडच्या भाषांमध्ये घडलं आणि तिथून दक्षिणेला गेलं. जर्मन श्टॉयरबोर्ट, डच स्टूरबोर्ट, फ्रेंच त्रिबोर, स्पॅनिश एस्त्रिबोर: चारही एकाच शब्दाची रूपं. फ्रेंच आणि स्पॅनिश या लॅटिनच्या लेकी, तरी जहाजाच्या बाजूंची नावं त्यांनी उत्तरेकडच्या खलाशांकडून घेतली.

पायरी ४: डाव्या बाजूची तीन नावं

उजवीचं नाव एकदा पडलं आणि टिकलं. डावीचं नाव इंग्रजीत दोनदा बदललं, आणि नवख्याचा गोंधळ इथेच होतो. तिन्ही नावं त्याच वल्ह्याभोवती फिरतात हे लक्षात घेतलं की गुंता सुटतो.

पहिलं नाव बॅकबोर्ड, ओहथेरेच्या तोंडी आलेलं. पाठीकडची बाजू. सुकाणूवरचा माणूस उजव्या कुशीला वल्ह्याशी उभा, त्याचं लक्ष आणि हात त्या दांड्यावर, म्हणून डावी कुशी त्याच्या पाठीला येई. जर्मनमध्ये बाकबोर्ट, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये बाबोर ही रूपं आजही चालू आहेत. (फ्रेंच लोक डावं-उजवं लक्षात ठेवायला ‘बात्री’ हा शब्द वापरतात. तोफखान्याच्या बॅटरीला ते तसं म्हणतात. डावीकडून वाचायला लागलं की आधी ‘बा’, मग ‘त्री’. बाबोर डावी, त्रिबोर उजवी.)

इंग्रजीने मात्र बॅकबोर्ड टाकून दिलं आणि मध्ययुगात लारबोर्ड घेतलं. त्याच्या जुन्या रूपाचा संबंध माल भरण्याच्या क्रियापदाशी जोडला जातो: माल चढवायची बाजू. चित्रात बसवून बघा. उजव्या कुशीला वल्हं बाहेर आलेलं आहे. ती बाजू धक्क्याला लावली तर वल्हं धक्क्यावर आपटून मोडेल. म्हणून डावी बाजू धक्क्याला लावायची आणि माल तिथूनच चढवायचा. पुढे तो शब्द स्टारबोर्डच्या ओढीने लारबोर्ड झाला, कानाला जुळा वाटेल असा.

घोटाळाही त्या जुळेपणातच होता. वारं घोंघावतंय, शिडं फडफडतायत, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हुकूम ओरडायचाय. स्टारबोर्ड आणि लारबोर्ड मोठ्याने ओरडून पाहा. अर्धा शब्द वाऱ्यात गेला तर उरलेला अर्धा दोन्हींत सारखाच. सुकाणूच्या हुकमात म्हणून ‘पोर्ट’ हा शब्द आधीपासून वापरात होताच. 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंद करून पोर्टच म्हणायचं असा आदेश काढला, आणि 1846 मध्ये अमेरिकी नौदलानेही तसंच केलं.

पोर्ट म्हणजे बंदर, हे आपल्याला माहीत आहे. बंदराकडे करायची ती पोर्ट बाजू. जहाजाच्या कुशीत माल घ्यायला ठेवलेल्या दारालाही पोर्ट म्हणत, पोर्टहोलमधला पोर्ट तोच. बंदर घ्या की दार घ्या, चित्र एकच: वल्हं उजवीकडे, म्हणून धक्का डावीकडे. विमानात आपण डाव्या बाजूच्या दाराने चढतो, ती जहाजाचीच रीत.

जाता जाता एका गोष्टीचा निकाल लावतो. ‘पॉश’ हा शब्द ‘जाताना पोर्ट, येताना स्टारबोर्ड’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आला, श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटावर तसा शिक्का असे, ही कथा फार ऐकायला मिळते. असा शिक्का असलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. छान गोष्ट आहे, पण नवख्याने ती पुढे सांगू नये.

पायरी ५: वल्हं गेलं, नाव राहिलं

स्टर्नच्या मधोमध बसवलेलं सुकाणू चीनमध्ये फार आधीपासून होतं. हान काळातल्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या नौकेवर ते दिसतं. युरोपात बाराव्या शतकात कोरलेल्या चित्रांत ते दिसायला लागतं. इंग्लंडमधल्या विंचेस्टर आणि बेल्जियममधल्या झेडेलगेम इथल्या चर्चमधल्या दगडी कुंडांवर तशी जहाजं कोरलेली आहेत. 1962 मध्ये जर्मनीत ब्रेमेनजवळ नदीत सापडलेलं जहाज 1380 चं, म्हणजे तोवर सुकाणू मधोमध बसलेलं होतं. उजव्या कुशीचं वल्हं हळूहळू गेलं. पण ज्या बाजूला ते होतं तिचं नाव पुसलं गेलं नाही, आणि आज दोन-तीनशे मीटर लांबीच्या पोलादी जहाजालाही तेच लागू आहे.

पायरी ६: रंग जोडा

आता हे दोन शब्द दिव्यांशी बांधायचे. रात्री पोर्ट बाजूला लाल दिवा आणि स्टारबोर्डला हिरवा. मराठीत हे लक्षात ठेवायला यमक तयारच आहे: उजवा, हिरवा. दोन्ही ‘वा’ने संपतात. हे एक पक्कं झालं की लाल आपोआप डावीकडे जातो. मी हेच शिकवतो, आणि इंग्रजीतल्या युक्त्यांपेक्षा हे लवकर बसतं.

दिव्यांचे नियम आज जगभर एकच आहेत. समुद्रावरची टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 मध्ये ठरले आणि 15 जुलै 1977 पासून लागू झाले. त्यात प्रत्येक बाजूचा दिवा किती कोनात दिसावा हे दिलं आहे: सरळ समोरपासून 112.5 अंश. नवखा विचारतोच, हा अर्धा अंश कशाला? उत्तर जुन्या होकायंत्रात आहे. त्याचं वर्तुळ 32 भागांत विभागलेलं असे, एकेक भाग 11.25 अंशांचा, त्याला पॉइंट म्हणत. बाजूचा दिवा दहा पॉइंट म्हणजे 112.5 अंश. पुढचा पांढरा डोलकाठीवरचा दिवा वीस पॉइंट म्हणजे 225 अंश, मागचा पांढरा बारा पॉइंट म्हणजे 135 अंश. वीस आणि बारा मिळून बत्तीस, वर्तुळ पूर्ण. नियम अंशात छापले गेले, पण मोजमाप जुन्या खलाशांचंच राहिलं.

आता समोरच्या जहाजाचे दिवे वाचा. इथे घाई करू नका.

लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते जहाज तुमच्याकडेच तोंड करून येतंय. त्याचा हिरवा तुम्हाला तुमच्या डावीकडे दिसेल, कारण ते समोरासमोर आहे. नुसता लाल दिसला तर त्याची पोर्ट बाजू तुमच्याकडे आहे, म्हणजे त्याची नाळ तुमच्या डावीकडे आणि ते उजवीकडून डावीकडे जातंय. नुसता हिरवा असेल तर बरोबर उलटं. नुसता पांढरा असेल तर बहुधा तुम्ही त्याची पाठ पाहताय.

कागदावर जहाजाची आकृती काढा, बाजूंना लाल-हिरवा रंग द्या आणि टेबलावर ती फिरवत राहा. दहा मिनिटांत डोक्यात बसतं. नुसतं वाचून बसत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

पायरी ७: वाट कुणी द्यायची

इंजिनावर चालणारी दोन जहाजं एकमेकांच्या वाटेत आडवी येत असतील, तर ज्याला दुसरं जहाज आपल्या स्टारबोर्ड बाजूला दिसतं त्याने वाट द्यायची. दिव्यांशी जोडून पाहा. तुमच्या उजवीकडून कुणी डावीकडे येतंय, तर त्याची पोर्ट बाजू तुमच्याकडे आहे. म्हणजे तुम्हाला लाल दिसतोय. लाल म्हणजे तुम्ही थांबायचं किंवा वळायचं. त्याला मात्र तुमची स्टारबोर्ड बाजू, म्हणजे हिरवा दिसतोय. त्याने आपल्या वाटेने जायचं. कुणी पुढे जायचं ते रंगच दोघांना सांगतात. या नियमाची बांधणी मला फार आवडते.

अगदी समोरासमोर आलात तर दोघांनीही स्टारबोर्डकडे वळायचं, म्हणजे एकमेकांच्या पोर्ट बाजू जवळून जातील. अरुंद खाडीत किंवा वाटेत आपल्या स्टारबोर्डकडच्या काठाने चालायचं. भोंग्याच्या खुणाही याच शब्दांवर: एक छोटा आवाज म्हणजे मी स्टारबोर्डकडे वळतोय, दोन म्हणजे पोर्टकडे, तीन म्हणजे माझं इंजिन मागे चालतंय. छोटा म्हणजे साधारण एक सेकंदाचा.

शिडाच्या होड्यांचे नियम वेगळे. दोघींना वारं वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल तर जिच्या पोर्ट बाजूने वारं येतंय तिने वाट द्यायची. सुरुवातीला एवढं पुरे.

पायरी ८: जुने हुकूम वाचताना सावध राहा

हा भाग जहाजावर लागत नाही, पण जुन्या सफरींबद्दल वाचताना लागतो, आणि न कळल्यास सगळं उलटं दिसतं.

छोट्या होडीत सुकाणूला दांडा असतो. दांडा उजवीकडे ढकलला की पाण्यातलं पातं डावीकडे जातं आणि होडी डावीकडे वळते. पूर्वी हुकूम दांड्यासाठी असे. ‘स्टारबोर्ड’ म्हणजे दांडा स्टारबोर्डला, म्हणजेच जहाज पोर्टकडे. पुढे चाक आलं, चाक आणि जहाज एकाच दिशेला वळू लागले, तरी हुकूम जुन्याच पद्धतीने देत राहिले.

टायटॅनिकवर 14 एप्रिल 1912 च्या रात्री हिमनग दिसल्यावर फर्स्ट ऑफिसर मर्डॉकने दिलेला हुकूम ‘हार्ड अ स्टारबोर्ड’ होता, आणि जहाजाची नाळ डावीकडे वळली. त्यात कुणाचीही चूक नव्हती. हुकूम त्या काळच्या रीतीप्रमाणे बरोबर होता आणि चाकावरच्या माणसाने तो बरोबर पाळला. नाळ डावीकडे गेल्यामुळेच हिमनग उजव्या, म्हणजे स्टारबोर्ड कुशीला घासला. पुढे 1929 च्या समुद्रावरील सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराने हुकूम थेट जहाजाच्या दिशेने द्यायचे ठरले, आणि 1930 च्या दशकात ती पद्धत रूढ झाली. आज ‘स्टारबोर्ड’ म्हटलं की जहाज स्टारबोर्डलाच वळवायचं. दांड्याच्या होडीवर मात्र हाताने उलट ढकलावं लागतं, हे विसरू नका.

पायरी ९: बोये आणि एक सापळा

बंदराची वाट दाखवायला पाण्यात रंगीत बोये ठेवलेले असतात. समुद्राकडून बंदरात शिरताना युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाच्या बहुतेक भागात लाल बोये पोर्टला आणि हिरवे स्टारबोर्डला ठेवायचे, जहाजाच्या दिव्यांसारखेच. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपीन्स इथे रंग उलटे आहेत: शिरताना लाल स्टारबोर्डला.

म्हणून बोयाच्या बाबतीत ‘उजवा, हिरवा’ डोळे मिटून वापरू नका. रंगाच्या जोडीला आकारही पाहा, तो दोन्हीकडे तोच आहे. शिरताना पोर्टकडचा बोया डब्यासारखा सपाट माथ्याचा आणि स्टारबोर्डचा शंकूसारखा टोकदार. बाहेर पडताना बाजू आपोआप बदलतात, कारण नियम शिरण्याच्या दिशेने बांधलेला आहे.

पायरी १०: बोट दाखवायला शिका

नुसतं ‘स्टारबोर्डला काहीतरी आहे’ एवढ्याने भागत नाही, ते पुढे आहे की मागे हेही सांगावं लागतं. त्यासाठी तीन शब्द पुरतात. पुढच्या कोपऱ्याकडे असेल तर स्टारबोर्ड बो, बरोबर आडवं असेल तर स्टारबोर्ड बीम, मागच्या कोपऱ्याकडे असेल तर स्टारबोर्ड क्वार्टर. पोर्टलाही तसंच. बीम म्हणजे जहाजाच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत टाकलेली तुळई. तिच्या रेषेत जे दिसतं ते बीमला. हाही शब्द जहाजाच्या हाडांतूनच आलेला आहे. टेहळणीवरचे नौसैनिक नाळेपासून मोजलेले अंश रंगाला जोडून सांगतात: ‘ग्रीन फोर-फाइव्ह’ म्हणजे स्टारबोर्डला 45 अंशांवर.

लाइफबोटींच्या क्रमांकांतही बाजू लपलेली असते. व्यापारी जहाजांवर रूढ पद्धतीने विषम क्रमांकाच्या होड्या स्टारबोर्डला आणि सम क्रमांकाच्या पोर्टला असतात. प्रवासी म्हणून कधी जहाजावर चढलात तर आपल्या होडीचा क्रमांक पाहून बाजू आधी मनात ठरवा आणि मग जाऊन खात्री करा.

सराव

जहाज जवळ नसलं तरी चालेल. घरातल्या लांबट खोलीची एक भिंत नाळ ठरवा. दाराला, खिडकीला, कपाटाला बाजू द्या: खिडकी पोर्टला, कपाट स्टारबोर्ड क्वार्टरला. मग खोलीत वाट्टेल त्या दिशेला तोंड करून उभे राहा आणि दुसऱ्याला विचारायला सांगा. नाळेला पाठ करून असताना उत्तर न अडखळता आलं की पहिली पायरी पक्की.

दुसरा सराव फोटोंचा. कुठल्याही जहाजाचा बाजूने काढलेला फोटो घ्या. आधी नाळ शोधा. नाळ तुमच्या उजवीकडे असेल तर तुम्ही जहाजाची स्टारबोर्ड बाजू पाहताय, डावीकडे असेल तर पोर्ट. पटलं नाही तर मनाने त्या डेकवर चढा, नाळेकडे तोंड करा आणि आपण आत्ता जिथून पाहत होतो ती जागा कोणत्या हाताला आली ते बघा.

तिसरा रात्री आकाशात. विमानाच्या पंखांच्या टोकांनाही हेच दिवे असतात, डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा. समोरून दूरवर एखादं विमान गेलं आणि त्याचा फक्त लाल दिवा दिसला, तर ते तुमच्या कोणत्या बाजूकडून कोणत्या बाजूकडे चाललंय? उत्तर द्यायला सहाव्या पायरीतल्या कागदाच्या जहाजाची गरज पडली तर बेशक घ्या. ते उजवीकडून डावीकडे चाललंय.